तिच्या भाकऱ्या आणि माझे पाचपैकी पाच

मला माझ्या मैत्रिणीचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी विद्यापीठाच्या एका सर्वेक्षणावर बरीच चिडणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल की हा सगळा राग तत्त्वाचा आहे. अर्धाच तत्त्वाचा आहे.

आम्ही दोघी डहाणूच्या कॉलेजात एका वर्गात. मी रेल्वे कॉलनीतली, बाबा रेल्वेत नोकरीला. ती तलासरी तालुक्यातल्या, अच्छाडच्या नाक्याजवळच्या पाड्यातली. घरची भाताची थोडी जमीन, बाकी वर्षभर मजुरी. शिकायला डहाणूला, मुलींच्या वसतिगृहात. विद्यार्थी संघटनेत आम्ही एकदमच आलो आणि कामाची वाटणीही लगेच झाली. मी लिहायचं, मी बोलायचं, तिने वाटायचं. माझी पत्रकं तिच्या हातून जितकी खपायची तितकी दुसऱ्या कुणाच्याच हातून खपायची नाहीत. ती समोरच्याला म्हणायची, ‘‘घे रे, वाचलं नाहीस तर भजी तरी बांधशील.’’ तो हसून घ्यायचा. मी मागे स्टुलावर उभी राहून घसा फोडत असायची. मला वाटायचं, लोक थांबतात ते माझ्या भाषणासाठी.

मग लॉकडाऊन लागला. वसतिगृह एका सकाळी रिकामं करायला लावलं आणि ती पाड्यावर गेली. आमच्या संघटनेने अन्नवाटपाची परवानगी मिळवली, एक टेम्पो मिळवला आणि आम्ही हायवेवर खिचडी वाटायला लागलो. खिचडीच्या प्रत्येक पाकिटाबरोबर माझं पत्रक. ही भूक आपोआप आलेली नाही, ती कुणी आणली ते ओळखा, असा मजकूर. चांगलं होतं पत्रक. आजही म्हणते.

अच्छाडला, गुजरातच्या हद्दीवर, चेकनाक्यावर ट्रकांची रांग लांबच लांब. माल चालू होता, ढाबे बंद. आम्ही टेम्पो थांबवला, पाकिटं पुढे केली. ड्रायव्हर हात जोडून घेत होते आणि केबिनमध्ये ठेवून देत होते.

‘‘खाओ ना भैया, गरम है.’’

‘‘शाम को खा लेंगे बहन. अभी भाकरी खाई है.’’

‘‘भाकरी? कहाँ से?’’

त्याने रस्त्यापलीकडच्या झाडाकडे बोट दाखवलं. तिथे माझी मैत्रीण उभी होती. शेजारी तिची काकी, समोर दोन टोपल्या, आणि अंतर ठेवून उभी असलेली ड्रायव्हरांची रांग. आमच्यासमोर कधी इतकी शिस्तीत रांग लागली नव्हती.

मी रस्ता ओलांडून गेले. तिने तोंडावरचा रुमाल खाली केला आणि हसली. ‘‘आल्या पुढारीणबाई! कुठलं वेगळं देऊ तुला, बोंबलाचं की डाळीचं?’’

तांदळाच्या भाकऱ्या होत्या. बरोबर झाईच्या किनाऱ्यावरच्या सुक्या बोंबलाची चटणी, नाहीतर उडदाची डाळ. बोंबलाचं जेवण सागाच्या पानात, डाळीचं पळसाच्या. कारण गुजरात-राजस्थानकडचे बरेच ड्रायव्हर मासळीचा वास लागलेलं पानही हातात धरणार नाहीत. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्याच दिवशी एकाने अख्खं जेवण परत केलं, दुसऱ्या दिवसापासून पानं वेगळी झाली.

‘‘तू विकतेस हे?’’ मी विचारलं.

‘‘मग काय, उधळू?’’

‘‘अगं, लोक उपाशी आहेत इथे!’’

‘‘कोण उपाशी? यांच्या खिशात पैसे आहेत, ढाबा नाही. उपाशी आमचा पाडा आहे. त्याला ढाबा काय करायचाय?’’

तिने माझ्या हातातलं पत्रक घेतलं, वरून खाली नजर फिरवली. ‘‘यात नफेखोर, नफेखोर लिहिलंयस ते माझ्यावर आहे का?’’

‘‘नाही गं. मोठ्यांवर.’’

‘‘मग ठीक,’’ म्हणाली आणि पुढच्या ड्रायव्हरकडे वळली. ‘‘बोलो भाई, शाकाहारी?’’

त्या दिवशी टेम्पोत बसून परत येताना मी सगळ्यांना सांगितलं की ती घरच्या अडचणीमुळे करतेय, तात्पुरतं आहे. खरं तर मला त्या रांगेचा राग आला होता. आम्ही फुकट देत होतो तरी लोक तिच्याकडे पैसे देऊन जात होते. आणि जाताना तिला ‘‘बेन, कल आओगी ना?’’ असं विचारत होते. मला कुणी कधी विचारलं नव्हतं उद्या येणार का म्हणून.

पाऊस सरला, निर्बंध थोडे सैल झाले, तलासरीकडे गवतकापणी सुरू झाली, आणि विद्यापीठातून एक मॅडम आल्या. पीएच.डी. करत होत्या. विषय असा की संकटाच्या काळात विद्यार्थ्यांचा व्यवसाय सुरू करण्याचा इरादा किती आहे, तो मोजायचा. आधी त्यांनी ऑनलाइन फॉर्म फिरवला होता. तो भरला डहाणू शहरातल्या पोरांनी. पाड्यावरची पोरं तेव्हा ऑनलाइन लेक्चरसाठी टेकडीवर चढून रेंज शोधत होती, फॉर्म कुठला भरतात! म्हणून मॅडमना गावोगाव जाऊन तोंडी विचारणारं कुणीतरी हवं होतं. कॉलेजातल्या सरांनी माझं नाव सुचवलं, कारण सगळे पाडे मला पत्रकांमुळे माहीत.

मी हो म्हटलं ते रागाने. सरकारी नोकऱ्यांच्या जागा भरायच्या नाहीत, परीक्षा पुढे ढकलायच्या, आणि पोरांना विचारायचं काय, तर बाळांनो, धंदा काढणार का? म्हणजे नोकरी नाही मिळाली तर दोष तुमच्याच इराद्याचा. हा डाव आतून बघायचा आणि त्यावर एक सणसणीत पत्रक काढायचं, असं मी ठरवलं होतं.

दुसरंही कारण होतं. मॅडमच्या प्रश्नावलीत एक वाक्य होतं, ‘येत्या काळात मी माझा स्वतःचा व्यवसाय सुरू करीनच.’ ते वाक्य मला माझ्या मैत्रिणीसमोर वाचायचं होतं. ती नाही म्हणाली तर झाडाखालचा तो सगळा प्रकार लॉकडाऊनपुरता. कॉलेज उघडलं की ती माझ्याबरोबर गेटवर उभी. हो म्हणाली तर गेली ती हातची. तोंडावर विचारायची माझी हिंमत नव्हती. विद्यापीठाच्या तोंडून विचारणं सोपं होतं.

मॅडमनी कॉलेजच्या व्हरांड्यात बसवून मला शिकवलं. एकेक वाक्य वाचायचं. उत्तरं पाच, अजिबात नाही, नाही, सांगता येत नाही, हो, अगदी हो. ‘अजिबात नाही’ला एक गुण, ‘अगदी हो’ला पाच. वाक्य छापलंय तसंच वाचायचं. समजावून सांगायचं नाही, मान डोलवायची नाही, चेहरा कोरा ठेवायचा.

‘‘जमेल ना?’’ मॅडमनी माझ्या चेहऱ्याकडे बघत विचारलं. माझा चेहरा कोरा नसतो, हे त्यांनी तेवढ्यात ओळखलं असणार.

सराव म्हणून आधी माझीच मुलाखत घेतली. ‘मी शून्यातून काहीतरी उभं करू शकते.’ अगदी हो! संघटनेचं युनिट कुणी उभं केलं? ‘धोका पत्करायला मला भीती वाटत नाही.’ अगदी हो. पोलीस चौकीत बसून आलेय. ‘माझ्या निर्णयाला घरचे पाठिंबा देतील.’ बाबांचा पगार लॉकडाऊनमध्येही येतच होता, न द्यायला काय झालं? मग ते वाक्य आलं. मी धंद्याच्या विरोधात लिहिणारी. पण डोळ्यांसमोर ती रांग आली, ‘‘कल आओगी ना’’ आलं, आणि तोंडातून निघून गेलं, ‘‘अगदी हो.’’ मॅडम खूश झाल्या.

मग मी स्कूटर काढली. आधी डहाणू. अधिकाऱ्यांची, शिक्षकांची मुलं, माझ्यासारखीच. गच्चीवर नाहीतर गॅलरीत बसून सगळ्यांची धडाधड ‘अगदी हो’. एकाला ॲप काढायचं होतं. कशाचं ते ठरायचं होतं. मी वाक्यं वाचत असतानाच त्याच्या आईने आतून हाक मारली, जरा कोपऱ्यावरून कोथिंबीर आण रे, तर म्हणाला, ‘‘मला निवडता येत नाही, तूच जा.’’ मी चेहरा कोरा ठेवून पाच गुण लिहिले.

मग कैनाडला. तिथे वर्गातलीच एक मुलगी घरच्या मळ्यातली ढोबळी मिरची गोणीत भरत होती. बाजार बंद असताना तिने आणि तिच्या वहिनीने मिरची डोक्यावर घेऊन दारोदार विकली होती. ‘मी व्यवसाय करू शकते’ला म्हणाली, ‘‘मी? छे. नाही.’’ झाईला एकजण आईबरोबर बोंबील वाळत घालत होता. त्यानेही नाही, नाही, अजिबात नाही. मला बरं वाटत होतं. गरिबाची पोरं फसलेली नाहीत, त्यांना हक्काची नोकरीच हवीय, असं मी मनात पत्रकाचं पहिलं वाक्य जुळवत होते.

तिच्याकडे मी मुद्दाम शेवटी गेले. दुपारची वेळ, अंगणात चूल पेटलेली, काकी भाकऱ्या थापतेय, शेजारच्या दोन घरांतल्या बायका पीठ मळतायत, ही पानं पुसतेय. मी प्रश्नावली काढली.

‘‘काय गं, आता पत्रक बोलून दाखवायला लागलीस?’’

‘‘गप. विद्यापीठाचं काम आहे. फक्त उत्तर द्यायचं.’’ मी वाचलं, ‘‘मी स्वतःच्या बळावर व्यवसाय चालवू शकते.’’

‘‘स्वतःच्या? नाही बाई.’’

‘‘व्यवसायातले निर्णय मी घेऊ शकते.’’

‘‘अजिबात नाही. मीठ किती ते पण काकी ठरवते.’’

‘‘कारण तुला कळत नाही,’’ काकी चुलीजवळून म्हणाली. ‘‘परवा सगळी डाळ खारट केली.’’

मी चेहरा कोरा ठेवत होते, पण आतून आनंद वर यायला लागला होता. ‘‘येत्या काळात मी माझा स्वतःचा व्यवसाय सुरू करीनच.’’

तिने हातातलं पान खाली ठेवलं. काकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘‘अजिबात नाही.’’

का, ते मी विचारलं नाही. विचारायचं नाही असा नियमच होता, आणि मला तेवढंच पुरलं. जाताना मी तिच्या पाठीत एक धपका घातला आणि परतीच्या वाटेवर स्कूटर चालवत मोठमोठ्याने घोषणा दिल्या. रस्ता रिकामा होता.

मॅडमनी सगळी उत्तरं लॅपटॉपवर चढवली आणि मला बोलावून निकाल दाखवला. शहरातल्या मुलांचे खांब उंच, पाड्यावरच्यांचे बुटके. ‘‘तुझा आकडा सगळ्यात वरच्यांत आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चांगली उद्योजक होशील तू.’’

खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला. माझा खांब उंच, तिचा जमिनीला चिकटलेला. बरेच महिने मला जे हवं होतं ते असं रंगीत होऊन पडद्यावर आलं होतं.

पण त्या खांबांखाली मॅडमनी एक वाक्य टाइप केलं होतं, की दुर्गम भागातल्या विद्यार्थ्यांत संकटामुळे इरादा खचलेला दिसतो, त्यांना प्रेरणा देण्याची गरज आहे. ते मी वाचलं आणि डोकं फिरलं.

‘‘प्रेरणा? कुणाला? नाक्यावर अख्ख्या हायवेला जेवू घालतेय ती मुलगी!’’

‘‘कोण?’’

‘‘जिला तुम्ही सगळ्यांत कमी गुण दिलेत ती! आणि ज्याला कोथिंबीर निवडता येत नाही त्याला पैकीच्या पैकी!’’

‘‘गुण मी नाही दिले, उत्तरं त्यांची आहेत. ती स्वतः नाही म्हणाली ना?’’

‘‘मग प्रश्न चुकलाय तुमचा.’’

‘‘प्रश्न बदलता येत नाहीत. हीच वाक्यं बाकीच्या देशांतही विचारतात, तेव्हाच तुलना होते.’’

‘‘मग माणसंच बदला!’’

मॅडम चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर मला आवडलं असतं. त्यांनी लॅपटॉप मिटला आणि म्हणाल्या, ‘‘चल, दाखव मला.’’

मी तावातावाने त्यांना मागे बसवून पाड्यावर घेऊन गेले. वाटेत मी मैत्रिणीची बाजू अशी मांडली की मलाच भरून आलं. अंगणात पोचल्यावर मॅडमनी तिला सरळ विचारलं, ‘‘तू हे सगळं करतेस, मग व्यवसाय करणार नाही असं का सांगितलंस?’’

ती हसायला लागली. ‘‘मॅडम, हिने वाचलं मी माझा स्वतःचा सुरू करीन. काकीसमोर बसून हो म्हणू? आमच्याकडे कुणी असं म्हणालं ना, की मी माझं स्वतःचं करणार, तर त्याचा अर्थ तो घरातून वेगळा निघतोय. संध्याकाळी चूल वेगळी मांडावी लागते.’’

‘‘मी तर घाबरले,’’ काकी म्हणाली. ‘‘म्हटलं ही शहरातली पोर आमचं घर फोडायला आली का काय.’’

‘‘तांदूळ त्या घरचा, लाकडं ह्यांची, टोपली भाऊ नेतो,’’ मैत्रीण बोट दाखवत सांगत होती. ‘‘भाताच्या आवणीला कसं, आज तुझ्या शेतावर सगळे, उद्या माझ्या. तसंच हे. मी म्हणायला यात माझं एकटीचं काय आहे?’’

‘‘म्हणजे हे पुढेही चालू ठेवणार तुम्ही?’’ मॅडमनी विचारलं.

‘‘ठेवणार म्हणजे? थांबवायचं कशाला?’’

ती हे मॅडमना सांगत होती, आणि मी बाजूला उभी होते. कैनाडची मिरचीवाली, झाईचा बोंबीलवाला, सगळ्यांच्या ‘नाही’चा उलगडा झाला. मॅडमचा प्रश्न चुकला होता हे सिद्ध झालं होतं, मी भांडण जिंकले होते. आणि ती परत येणार नव्हती. ज्या ‘अजिबात नाही’वर मी घोषणा देत घरी गेले होते, त्याचा माझ्याशी काहीच संबंध नव्हता.

मॅडम जमिनीवर फतकल मारून बसल्या. भाकरी खाल्ली, पानांचं विचारलं, बायकांशी बोलल्या, फोनमध्ये आवाज भरून घेतला. माझं बोलणं ऐकताना त्या घड्याळ बघायच्या. इथे त्यांना वेळेचं भान नव्हतं. ‘‘मला तुमच्यावर स्वतंत्र लिहायचंय,’’ त्या तिला म्हणाल्या. ती म्हणाली, ‘‘लिहा की. पण कुणाकडे मोठं पातेलं असेल तर ते आधी बघा.’’ सगळे हसले. मॅडमनी पुढच्या खेपेला खरंच पातेलं आणलं. माझे पाच गुण मात्र खोडले नाहीत. उत्तरं बदलता येत नाहीत. आजही त्या प्रबंधात कुठल्यातरी खांबात मी उद्योजक म्हणून उभी आहे आणि ती शेवटच्या प्रकरणातल्या एका टिपेत आहे. ही टीप लोक वाचतात, असं मॅडमच म्हणाल्या.

तरी मी आशा सोडली नव्हती. ढाबे उघडले. आता ड्रायव्हर खाटेवर बसून गरम रोटी खाणार, झाडाखाली कोण येतंय? नाक्यावरचा ढाबेवाला तिला तिथून उठवणार, असंही कानावर आलं. मला चेव चढला. पथारीवाल्यांच्या हक्कांवर पत्रक लिहिलं, पोरं जमवली, अच्छाडला पोचले. झाडाखाली कुणी नव्हतं. मी पाड्यावर गेले तर चूल नेहमीसारखी पेटलेली.

‘‘कुठाय तो ढाबेवाला? चल, बघून घेऊ.’’

‘‘कशाला? आता भाकऱ्या तोच घेतो आमच्याकडून. त्याच्या पोरांना तांदळाची थापता येत नाही, तुटते.’’

‘‘असं कसं ठरलं?’’

‘‘काकी आणि मी गेलो. त्याची बायको गुजरातीत बोलली, काकी आपल्या भाषेत. झालं.’’

‘‘मला का नाही बोलावलंस?’’

तिने थोडा विचार केला. ती खोटं बोलत नाही, हा तिचा मोठा दुर्गुण आहे. ‘‘तू आलीस की भांडण होतं गं. मग ते मिटवायला वेगळा दिवस लागतो.’’

मी हायवेपर्यंत चालत आले आणि पोरांना सांगितलं, प्रश्न सुटला. कुणाच्या प्रयत्नाने, ते सांगितलं नाही.

कॉलेज उघडलं तेव्हा बंद काळातली अख्खी फी मागायला लागले. वसतिगृहाचीसुद्धा, जिथून पोरींना हाकललं होतं! मी गेटवर धरणं जाहीर केलं आणि तिला भेटायला गेले. या वेळी प्रश्नावली नव्हती. सरळ म्हणाले, ‘‘एक दिवस ये. मला तू हवी आहेस.’’

तिने हात धुतले, पदराला पुसले, माझ्याजवळ येऊन बसली. ‘‘सकाळच्या भाकऱ्या सुटल्या तर चार घरं अडतात. माणूस नाही देता येणार. किती पोरं बसणार आहेत? जेवण पाठवते.’’

नको म्हणणार होते. पण धरण्याला बसणारी पोरं दुपारी पांगतात, हे मला माहीत होतं. मी घेतलं.

धरण्याच्या दिवशी तिचा भाऊ टोपल्या ठेवून गेला. मी बोलत होते, आणि चांगली बोलत होते. फीचा एकेक मुद्दा पिंजून काढत होते. मधेच पानं सुटली. बोंबलाचा वास पसरला, बसलेली पोरं उठून टोपल्यांकडे सरकली, न बसलेलीही आली. एरवी गेटमधून खाली मान घालून जाणारी पोरं थांबून विचारायला लागली. ‘‘कुणी केलंय? मेससाठी पाठवतील का? नंबर आहे का?’’

माझी पत्रकं कट्ट्यावर दगडाखाली तशीच होती. एकानेही उचललं नाही.

मी बोलणं थांबवलं आणि तिचा नंबर सांगितला. ज्याला ऐकू आला नाही त्याला पुन्हा सांगितला. शेवटचा आकडा चुकवावा असं वाटत होतं. चुकवला नाही.